धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्यांसाठी : उड्डाणाची पद्धत बदलून आवाज किती कमी होतो?

धानोरीच्या एका गृहनिर्माण संस्थेतील रहिवाशांनी विचारले आहे, की पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पश्चिमेकडे उड्डाण करणारी प्रवासी विमाने त्यांच्या इमारतीवरून फार खालून आणि पूर्ण जोराने जातात, तर आवाज कमी करण्याची ‘एनएडीपी’ नावाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत त्यांच्या वाचनात आली ती पुण्यात सक्तीची करावी, अशी मागणी करण्यात अर्थ आहे का. आणि वैमानिकाला वस्ती टाळून आधीच वळता का येत नाही? मी बरीच वर्षे प्रवासी विमानांचा कप्तान म्हणून पुण्याहून उड्डाणे केली आहेत आणि नंतर उड्डाणाच्या कार्यपद्धती ठरवणाऱ्या विभागातही काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. माझे उत्तर असे, की उड्डाणाची पद्धत बदलल्याने आवाज नाहीसा होत नाही, तो एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीकडे सरकतो; आणि धावपट्टीच्या टोकापासून पहिल्या दीड-दोन किलोमीटरांत तो सरकतही नाही. तरीही मागणी करण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ती नेमकी कशाची करायची, हे आधी समजून घेतले पाहिजे.

लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना 10 आणि 28 असे क्रमांक आहेत आणि तिची लांबी सुमारे 2,535 मीटर आहे. वारा पश्चिमेकडून असेल तेव्हा विमाने 28 वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उडतात. पावसाळ्याचे चार महिने वारा बहुतेक पश्चिमेचा असल्यामुळे या काळात धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडी, कळस या भागांच्या वाट्याला उड्डाणे येतात आणि वाघोली-खराडीकडच्या लोकांच्या वाट्याला उतरणारी विमाने येतात. वारा पूर्वेचा झाला की हे उलटते. धावपट्टीची रेषा पश्चिमेकडे तशीच वाढवत नेली, तर ती साधारणपणे धानोरी-कळस, बोपखेल, दापोडी-फुगेवाडी आणि पुढे पिंपळे गुरव-पिंपळे सौदागर अशी जाते. विमाननगर या रेषेत येत नाही. ते धावपट्टीच्या बाजूला आहे, म्हणून तिथला त्रास निराळ्या प्रकारचा आहे. तिथे विमान डोक्यावरून जात नाही, पण धावण्याचा आणि उतरल्यावर उलट थ्रस्ट देण्याचा, म्हणजे विमान थांबवण्यासाठी इंजिनाचा जोर उलट्या दिशेने वळवण्याचा, आवाज आडवा येतो. एकाच विमानतळाच्या शेजाऱ्यांच्या तक्रारी अशा वेगवेगळ्या कारणांच्या असतात, आणि त्या एकाच अर्जात एकत्र केल्या की त्यांतल्या एकीलाही नेमके उत्तर मिळत नाही.

आता ‘पूर्ण जोर’ या मुद्द्याकडे येतो. विमान पूर्ण जोराने उडते ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी पाहून जितका जोर पुरेसा आहे तितकाच आम्ही वापरतो. एअरबसवर याला फ्लेक्स म्हणतात, बोइंगवर ॲझ्युम्ड टेम्परेचर. प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त तापमान संगणकाला सांगितले जाते आणि इंजिन त्या तापमानाला जेवढा जोर देऊ शकले असते तेवढाच देते. नियमाप्रमाणे ही घट 25 टक्क्यांपर्यंतच करता येते. हे आवाजासाठी केले जात नाही. इंजिनाचे आयुष्य वाढावे, हा त्यामागचा हेतू आहे. आवाजावर त्याचा परिणाम मात्र दुहेरी होतो. कमी जोरामुळे धावपट्टीशेजारचा आवाज घटतो, पण विमानाची चढणही कमी होते, त्यामुळे धावपट्टीच्या पुढे राहणाऱ्यांच्या डोक्यावरून ते थोडे खालून जाते. म्हणून ‘वैमानिकांनी जोर कमी ठेवावा’ ही मागणी विमाननगरच्या रहिवाशाने केली तर ती त्याच्या हिताची आहे; तीच धानोरीच्या रहिवाशाने केली तर ती त्याच्या हिताची असेलच असे सांगता येत नाही.

एनएडीपी म्हणजे आवाज कमी राखण्याची उड्डाणपद्धत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, 8168 क्रमांकाच्या दस्तऐवजात तिचे दोन प्रकार दिले आहेत. दोन्हींचा प्रारंभ सारखाच आहे. विमान जमीन सोडते, चाके आत घेते आणि ‘व्ही-टू’ या वेगाहून 10 ते 20 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) जास्त वेग राखून चढत राहते. व्ही-टू हा एक इंजिन बंद पडले तरी विमान सुरक्षितपणे चढू शकेल असा किमान वेग आहे. विमानतळापासून 800 फूट उंची गाठेपर्यंत जोरात किंवा वेगात आवाजासाठी कोणताही बदल करायचा नाही, असे दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. पद्धतींचे मार्ग वेगळे होतात ते या उंचीच्या वर.

पहिल्या पद्धतीत वैमानिक 800 फुटांवर किंवा त्याहून वर जोर कमी करतो, पण फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमान उचलले जावे म्हणून पंखांना असलेल्या सरकत्या पट्ट्या, उघडेच ठेवतो आणि वेग न वाढवता 3,000 फुटांपर्यंत चढतच राहतो. त्यानंतर वेग वाढवून फ्लॅप आत घेतले जातात. चढणीचा कोन जास्त राहतो, म्हणून विमानतळाजवळच्या वस्तीवरून विमान अधिक उंचावरून आणि कमी जोराने जाते. दुसऱ्या पद्धतीत 800 फुटांच्या वर आधी नाक थोडे खाली करून वेग वाढवला जातो, वेग वाढेल तसे फ्लॅप क्रमाने आत घेतले जातात आणि त्याच सुमारास जोर कमी केला जातो. मग फ्लॅप आत घेतलेले, हवेला कमी अडणारे विमान 3,000 फुटांपर्यंत चढते. सुरुवातीला ते खाली राहते, पण पुढे त्याला तितकी उंची गाठायला कमी जोर पुरतो, म्हणून विमानतळापासून दूरच्या वस्तीला याचा फायदा मिळतो. पहिली पद्धत जवळच्यांसाठी आणि दुसरी लांबच्यांसाठी, असे ढोबळपणे म्हणता येईल. आयकाओची शिफारस अशी आहे, की एका कंपनीने एका प्रकारच्या विमानासाठी अशा दोनच पद्धती ठेवाव्यात, एक जवळच्या आणि एक लांबच्या वस्तीसाठी. प्रत्येक विमानतळासाठी निराळी पद्धत केली तर वैमानिकाच्या चुकीची शक्यता वाढते, आणि तीही नेमकी जमिनीजवळ असताना, जिथे चूक परवडत नाही.

विमानात ही निवड दोन आकड्यांत उतरते. जोर कोणत्या उंचीवर कमी करायचा आणि वेग कोणत्या उंचीवर वाढवायचा, हे आकडे उड्डाणापूर्वी विमानाच्या संगणकात भरले जातात. प्रवाशालाही हा क्षण ओळखता येतो. उड्डाणानंतर थोड्या वेळाने इंजिनांचा सूर अचानक उतरतो आणि नवख्या माणसाला विमान थांबल्यासारखे वाटते, तेव्हा वैमानिकाने थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, चढणीच्या खाचेत मागे घेतलेले असतात. पहिल्या पद्धतीत जोर 1,500 फुटांवर कमी करणे आणि वेग 3,000 वर वाढवणे असे आकडे बऱ्याच ठिकाणी वापरात आहेत. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही गोष्टी 1,000 किंवा 1,500 फुटांवर होतात.

आता हे आकडे धानोरीच्या जमिनीवर मांडून पाहू. समजा, भरलेले एअरबस ए-320 प्रवासी विमान 28 च्या आरंभापासून 1,700 मीटर धावून उडाले आणि 12 टक्के चढणीने, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 12 मीटर वर, चढू लागले. ते 800 फूट, म्हणजे सुमारे 244 मीटर, उंची गाठेल तेव्हा उडाल्यापासून दोन किलोमीटर पुढे, म्हणजे धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून साधारण सव्वा किलोमीटरवर असेल. 1,500 फूट त्याला टोकापासून तीन किलोमीटरवर मिळतील. उन्हाळ्यात जड विमान घेतले, ते 1,900 मीटर धावले आणि चढण 9 टक्केच मिळाली, तर 800 फूट गाठायलाच टोकापासून दोन किलोमीटरांहून थोडे जास्त अंतर लागेल. कुंपणाला लागून राहणाऱ्यांसाठी दोन्ही पद्धती एकच आहेत, असे मी म्हणतो ते या हिशेबावरून. तिथे विमान अजून त्या सामाईक भागात असते. फरक पडू लागतो तो त्याच्या पुढे, कळस-बोपखेलच्या बाजूला. आणि दुसऱ्या पद्धतीचा लाभ मिळतो तो त्याहून पुढच्या, नदीपलीकडच्या वस्त्यांना. संस्थेची इमारत या रेषेवर नेमकी किती अंतरावर आहे, हे नकाशावर मोजल्याशिवाय कोणत्या पद्धतीची मागणी करायची, हे ठरवताच येणार नाही.

फरक पडतो तिथे तरी तो किती असतो? खुल्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, आणि हवा स्वतः काही आवाज शोषून घेते ते वेगळे. विमान 1,000 ऐवजी 1,500 फुटांवरून गेले तर केवळ अंतरामुळे साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. जोर कमी केल्याने आणखी काही डेसिबल मिळतात. माणसाच्या कानाला तीन डेसिबलचा फरक जेमतेम कळतो आणि आवाज अर्धा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबलची घट लागते. म्हणजे पद्धतीत योग्य बदल झाला तर रेषेच्या एका पट्ट्यात त्रास कमी झाल्याचे जाणवेल, पण विमान ऐकूच येणार नाही असे होणार नाही. ही गोष्ट बैठकीत आधीच मांडलेली बरी. अपेक्षा फार मोठी ठेवली की मिळालेली खरी सुधारणाही लोकांना फसवणूक वाटते आणि पुढच्या पत्रावर सह्या मिळत नाहीत.

येथे मोजणीविषयी एक गोष्ट सांगतो, कारण तीत पुष्कळांची गल्लत होते. मोबाइलवरच्या विमान दाखवणाऱ्या ॲपवर ‘3,400 फूट’ असे दिसते आणि रहिवासी म्हणतात, विमान तर चांगले उंच आहे, मग एवढा आवाज कसा? ती उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि तीही 1,013 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून मोजलेली असते. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,942 फुटांवर आहे. पावसाळ्यात दाब 1,005 च्या आसपास असेल, तर त्या फरकापोटी आणखी सव्वादोनशे फूट वजा करावे लागतात. हिशेब केल्यावर ते विमान आपल्या गच्चीपासून बाराशे फुटांच्याच आसपास निघते. याच्या उलटही घडते. हिवाळ्यात दाब प्रमाणाहून जास्त असतो, तेव्हा ॲप खऱ्याहून कमी उंची दाखवते आणि नियमभंगाची तक्रार होते. अर्जात ॲपचे आकडे द्यायचे असतील तर ते न सुधारता देऊ नयेत. समोरचा अधिकारी ते पहिल्याच वाचनात बाजूला ठेवील.

उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापमान 40 अंशांवर गेले, की विमानाच्या दृष्टीने लोहगाव 1,942 फुटांवर राहत नाही. विरळ हवेचा हिशेब केला तर ते सुमारे 5,400 फुटांवरच्या विमानतळासारखे वागते. इंजिनांना जोर कमी मिळतो, वेगमापकावर दिसणारा तोच वेग राखण्यासाठी प्रत्यक्ष वेग सुमारे आठ टक्के जास्त लागतो, धाव लांबते आणि चढण घटते. म्हणून तेच विमान, तेच प्रवासी आणि तीच पद्धत असूनही मे महिन्यातल्या दुपारी ते जानेवारीतल्या सकाळपेक्षा तुमच्यावरून खालून जाते. यात कुणाचाही निष्काळजीपणा नसतो. हिवाळ्यातल्या पहाटेचा त्रास मात्र वेगळ्या कारणाने होतो. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची हवा उबदार अशी स्थिती पुण्यात थंडीत वारंवार असते. अशा हवेत आडवा जाणारा आवाज वर निघून न जाता पुन्हा जमिनीकडे वळतो. त्यामुळे एरवी ऐकू न येणारा धावपट्टीवरचा गडगडाट दोन-तीन किलोमीटरांवर स्वच्छ ऐकू येतो. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत याचा फारसा फरक पडत नाही. बाजूला राहणाऱ्यांना तो मोठा पडतो.

वस्ती टाळून आधीच वळता का येत नाही, हा दुसरा प्रश्न. आयकाओच्या त्याच दस्तऐवजाप्रमाणे आवाजासाठी वळण मागायचे असेल, तर विमान खालच्या जमिनीपासून आणि मार्गातल्या सर्वांत उंच अडथळ्यापासून किमान 500 फुटांवर असले पाहिजे आणि सुरुवातीच्या वळणात झुकाव 15 अंशांपर्यंतच ठेवला पाहिजे. वळताना विमानाला वर उचलणाऱ्या बलाचा काही भाग वळण्यात खर्च होतो, चढण घटते, आणि नेमके तेव्हाच एखादे इंजिन बंद पडले तर हाताशी काही शिल्लक राहत नाही. दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर चाके आत घेतल्यानंतर किमान 2.4 टक्के चढण दाखवली पाहिजे, हा प्रमाणीकरणाचा नियम आहे, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी वजन ठरवताना आम्ही एक इंजिन गेले आहे असे धरूनच मार्गातल्या टेकड्या, टाक्या, मनोरे तपासतो. याखेरीज वळायचे कुठे, हाही प्रश्न आहे. डावीकडे टिंगरेनगर, विश्रांतवाडी, येरवडा ही दाट वस्ती आहे. उजवीकडे दिघीची लष्करी आणि संरक्षण-संशोधनाची हद्द आणि पलीकडे भोसरी आहे. शिवाय लोहगाव हे हवाई दलाचे तळ आहे, 1939 पासूनचे. नागरी टर्मिनल हा त्या तळाचा एक भाग आहे आणि विमानांचे नियंत्रण हवाई दलाचे नियंत्रक करतात. मार्ग बदलण्याचा कोणताही प्रस्ताव लढाऊ विमानांच्या मार्गांशी जुळवून घेऊनच करावा लागेल आणि त्याचा अंतिम निर्णय नागरी विमान कंपनीच्या हाती नाही.

लढाऊ विमानांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की तक्रारींची नोंद ठेवताना ती वेगळी काढावीत. सुखोई-30 हे लढाऊ विमान आफ्टरबर्नर लावून, म्हणजे इंजिनाच्या झोतात जादा इंधन जाळून, उडते तेव्हाचा आवाज आणि ए-320 चा आवाज यांत फार मोठे अंतर आहे. नागरी विमानांच्या आवाजाची मर्यादा आयकाओच्या सोळाव्या परिशिष्टात आहे आणि ते परिशिष्ट लष्करी विमानांना लागू होत नाही. देशाच्या संरक्षणासाठी होणाऱ्या सरावावर मी मत देणार नाही; पण त्या सरावाचा आवाज मोजून तो प्रवासी कंपन्यांच्या माथी मारला, तर जिथे खरोखर सुधारणा होऊ शकते ती जागाही हातची जाते.

मार्ग एका बारीक रेषेत आणावा की पसरू द्यावा, हा वाद जगभर चालू आहे आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उपग्रहाच्या मदतीने विमाने आता पूर्वीपेक्षा खूपच अचूक रेषेत उडवता येतात. ती रेषा ओसाड जमिनीवरून किंवा नदीपात्रावरून नेता आली तर उत्तम. पण ती वस्तीवरून गेली, तर पूर्वी अनेकांत वाटलेला आवाज मोजक्या लोकांच्या वाट्याला येतो. अमेरिकेत फिनिक्स शहरात सप्टेंबर 2014 मध्ये असे नवे मार्ग सुरू झाले, रहिवाशांचा विरोध न्यायालयात गेला आणि ऑगस्ट 2017 मध्ये निकाल तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाच्या विरोधात लागला. विमाने तीच होती आणि इंजिनेही तीच होती. पण ज्यांच्यावर आवाज येणार होता त्यांना आधी पुरेसे विचारले गेले नव्हते. लंडनच्या हीथ्रोवर याउलट फार जुनी आणि स्पष्ट शिस्त आहे. उड्डाणाच्या आरंभापासून साडेसहा किलोमीटरवर विमान किमान 1,000 फुटांवर असले पाहिजे, आणि आवाज मोजणारी कायमची केंद्रे मर्यादा ओलांडणाऱ्या विमानाची नोंद करतात. पुण्यासाठी मला यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नियम करण्याआधी मोजणीची सोय झाली पाहिजे आणि ती मोजणी सर्वांना पाहता आली पाहिजे.

आपल्याकडे कायद्याची चौकट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. विमानतळ परिसरासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून 2018 मध्ये वेगळी मानके काढली. वर्षाला 50,000 हून अधिक उड्डाणे-उतरणे असणाऱ्या विमानतळांसाठी दिवसा 70 आणि रात्री 65, तर इतरांसाठी दिवसा 65 आणि रात्री 60. हे आकडे सरासरीचे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. एक विमान जाताना क्षणभर 85 डेसिबल नोंदले गेले म्हणजे मर्यादा मोडली असे होत नाही. आणि सरासरी मर्यादेत आहे म्हणून रात्री अडीच वाजता दचकून जाग आलेल्या माणसाची तक्रार खोटी ठरत नाही. माझ्या मते रात्रीच्या आवाजासाठी सरासरीबरोबरच प्रत्येक विमानाच्या कमाल आवाजाची आणि अशा घटनांच्या संख्येची नोंद प्रसिद्ध झाली पाहिजे, कारण झोप सरासरीने मोडत नाही.

खरी मोठी घट आजवर झाली आहे ती इंजिनांत. जुन्या पिढीतल्या इंजिनांतून जवळजवळ सगळी हवा तापून प्रचंड वेगाने बाहेर पडत असे, आणि झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढत असल्यामुळे ती कानठळ्या बसवीत. आजच्या इंजिनांत बहुतेक हवा गाभ्याच्या बाहेरून, मोठ्या पंख्याने, सावकाश मागे ढकलली जाते. जुन्या ए-320 च्या इंजिनांत हे बाहेरच्या आणि आतल्या हवेचे प्रमाण पाच-सहाच्या घरात होते. त्याच विमानाच्या नव्या, निओ मालिकेतल्या इंजिनांत ते 11-12 पर्यंत गेले आहे. आयकाओच्या मानकांतही हेच दिसते. सोळाव्या परिशिष्टाचा 2006 पासूनचा चौथा अध्याय तिसऱ्यापेक्षा एकत्रित 10 डेसिबलने कडक आहे आणि 2017 पासूनचा चौदावा अध्याय चौथ्यापेक्षा आणखी 7 डेसिबलने. ही बेरीज तीन ठिकाणच्या मोजणीची असते, त्यामुळे ती जशीच्या तशी आपल्या खिडकीला लावता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पहाटे आणि रात्री उशिराच्या वेळा जुन्या विमानांऐवजी नव्या पिढीच्या विमानांना द्याव्यात, ही मागणी उड्डाणपद्धतीच्या मागणीहून जास्त फळ देणारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

मग संस्थेने पत्रात काय लिहावे? ‘एनएडीपी सक्तीची करा’ असे लिहू नये, कारण कंपन्या दोहोंपैकी एक पद्धत आजही वापरत असतील आणि उत्तर ‘पालन होत आहे’ असे एका ओळीत येईल. इंधन कमी लागते म्हणून कंपन्यांचा ओढा साधारणपणे दुसऱ्या पद्धतीकडे असतो. ए-320 सारख्या विमानाला पहिल्या पद्धतीत दर उड्डाणामागे थोडे इंधन जास्त लागते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की 28 वरून उडताना कोणती कंपनी कोणती पद्धत आणि कोणत्या दोन उंची वापरते. त्यानंतर, धावपट्टीच्या पश्चिमेला आठ-दहा किलोमीटरपर्यंत दोन्ही पद्धतींचा आवाज नकाशावर मांडून दाखवावा, ही मागणी करावी. ही तुलना संगणकावर करता येते आणि तिच्यासाठी एकही विमान उडवावे लागत नाही. नकाशा हाती आला की कळस, बोपखेल, दापोडी आणि पिंपळे गुरवच्या लोकांनाही त्या बैठकीत बोलवावे. आपल्याकडचे तीन डेसिबल त्यांच्याकडे जाणार असतील, तर ते त्यांना आधी कळण्याचा हक्क आहे.

विचारण्यासारखी आणखी एक साधी गोष्ट आहे. विमाने धावपट्टीच्या अगदी टोकापासून धाव घेतात की मधल्या जोडरस्त्यावरून? वेळ वाचवण्यासाठी मधून धाव घेण्याची प्रथा बऱ्याच विमानतळांवर आहे आणि ती सुरक्षित आहे. हिशेब तसा केलेला असतो. परंतु 300 मीटर पुढून धाव घेतली, तर 10 टक्के चढणीला विमान पुढच्या वस्तीवर सुमारे 100 फूट खाली येते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पश्चिमेकडची उड्डाणे पूर्ण लांबीवरूनच व्हावीत, असे सुचवायला हरकत नाही. तसेच वारा अगदी मंद असेल तेव्हा कोणत्या दिशेने उडावे, याला थोडी मोकळीक असते. आवाजासाठी धावपट्टी निवडताना पाठीमागचा वारा झुळकांसह 5 नॉटांहून आणि आडवा वारा 15 नॉटांहून जास्त असू नये, असे आयकाओ सांगते. या मर्यादेत रात्रीची उड्डाणे एक आठवडा पश्चिमेकडे आणि एक आठवडा पूर्वेकडे अशी वाटून घेता येतील का, हे हवाई दलाच्या नियंत्रकांना विचारता येते. उत्तर नकारार्थी आले तरी त्यामागचे कारण कळेल.

नोंदी ठेवताना तारीख, वेळ, उडणारे की उतरणारे, प्रवासी की लढाऊ, आणि त्या वेळी वाऱ्याची दिशा एवढे लिहावे. मोबाइलच्या ध्वनिमापक ॲपवर विसंबू नये. एका मोबाइलचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. प्रमाणित केलेले पहिल्या श्रेणीचे ध्वनिमापक भाड्याने घेऊन ते गच्चीवर, भिंतींपासून दूर, पावसाळ्यातला एक आणि हिवाळ्यातला एक असे दोन आठवडे अखंड लावले, तर त्या दोन आलेखांचे वजन शंभर सह्यांपेक्षा जास्त पडेल. दरम्यान घरातल्या झोपण्याच्या खोलीपुरती तरी सरकत्या खिडकीऐवजी रबराची पट्टी असलेली, घट्ट मिटणारी आणि लॅमिनेटेड काचेची खिडकी बसवावी. सरकत्या खिडकीच्या फटीतून येणारा आवाज जाड काचेने थांबत नाही. फट बंद होणे हे काचेच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे.

शेवटचा मुद्दा धानोरीपुरता उशिराचा आहे, पण पुण्यासाठी नाही. आयकाओने 2001 मध्ये जो संतुलित दृष्टिकोन स्वीकारला, त्यात चार उपाय आहेत : विमानच कमी आवाजाचे करणे, जमिनीच्या वापराचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धती आणि वेळेची वा विमानांची बंधने. आपण सारी चर्चा तिसऱ्या उपायाची करतो, कारण दुसरा आपण केव्हाच गमावला. लोहगावच्या परिसरात बांधकामाच्या उंचीसाठी हवाई दलाचा ना हरकत दाखला लागतो, पण तो दाखला विमानाच्या सुरक्षिततेचा आहे. त्या इमारतीत झोपणाऱ्या माणसाला किती आवाज सोसावा लागेल, याचा विचार त्यात नसतो. पुरंदर तालुक्यात पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या गावांच्या जमिनीवर नवे विमानतळ प्रस्तावित आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न मोठा आहे आणि तो या उत्तराच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु ते विमानतळ होणारच असेल, तर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची आठ-दहा किलोमीटरची पट्टी आवाजाच्या नकाशासह विकास आराखड्यात आजच दाखवावी. त्या पट्टीत शाळा, रुग्णालये आणि उंच निवासी इमारतींना परवानगी देऊ नये, आणि तरीही परवानगी दिलीच तर घर विकत घेणाऱ्याच्या करारनाम्यात अपेक्षित आवाजाचा आकडा छापणे बांधकाम व्यावसायिकावर बंधनकारक करावे.